चाल बघणारी बाय

काल्हेरला खोली बघायला गेलो तेव्हा बायने भाडं सांगितलं नाही की घरात माणसं किती ते विचारलं नाही. फाटकाशी बाज टाकून ती बसली होती. माझ्या नवऱ्याला, दिलीपला, तिने एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "त्या टाकीपरतं जाऊन परत ये."

दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार? तो पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि परत आला. बाय त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती.

"आता सांजचा ये," ती म्हणाली. "उजेडात सगलेच सरल चालतान."

खोली हवी होती, म्हणून संध्याकाळी पुन्हा गेलो. अंधारून आलेलं, फाटकावर दिवा नाही. तिने परत त्याला टाकीपर्यंत पाठवलं, परत आणलं, मग उठून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. "हां कर." दिलीपने 'हां' केलं. त्यानंतर भाड्याचं बोलणं झालं.

बायला जाऊन आता वर्ष होत आलं. चाळीतले मराठी लोक तिला बाय म्हणायचे आणि उत्तरेकडचे अम्मा. मी नगरकडची, वडीलधाऱ्या बाईला अहोजाहो करायची सवय. पहिल्याच आठवड्यात तिने मला दटावलं, "मना तुमी-आमी नको. तुमी बोललीस का मना वाटतं मागं कोन दुसरी उभी हाय." तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले, पण भांडण झालं की माझ्या तोंडून आपोआप 'तुम्ही' यायचं आणि तिला ते बरोबर कळायचं.

तिच्या घरची भातशेती होती. ती गोदामांच्या खाली गेली, राहिलेल्या तुकड्यावर चाळ झाली. पुढे गोदामं, मागे खाडी. मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती कुठे दिसायची नाही, पण दिवेलागणीला बाज फाटकाशी यायची आणि कामावरून येणारा प्रत्येक पुरुष तिच्या नजरेखालून आत जायचा. तोल गेला, पाय अडखळला, की "थांब." मग "हां कर."

खालच्या खोलीत लूमवरचा एक कारागीर राहायचा. एकदा तो झुलत आला. बायने हुंगलं, नुसती सुपारी होती. त्याची बायको धावत आली, "अम्मा, नींद में है. डबल ड्युटी करके आया है." बायने त्याला आत सोडलं. दुसऱ्या दिवशी बस पकडून ती भिवंडीला त्याच्या कारखान्यात गेली आणि मुकादमाशी भांडून आली, की मानसाला नीज देशील का न्हाय. मुकादमाला ही कोण बाई आणि कुणाची, काही कळलं नाही म्हणे.

प्यायलेला सापडला तर मात्र दयामाया नव्हती. पण एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात आली होती. पिऊन आलेल्याला ती त्या वेळी कधी बाहेर काढायची नाही. आपल्या ओटीवर त्याला निजवायची, दाराला आतून कडी न लावता स्वतः उंबऱ्याशी बसून राहायची. सकाळी त्याला चहा द्यायची, आणि मग म्हणायची, "आता सामान काढ." बायकोपोरांना राहू द्यायची. चाळीत तिला खूप जण शिव्या घालायचे. बायका घालत नव्हत्या.

दिलीप एका शेठचा छोटा टेंपो चालवायचा, गोदामातला माल ठाण्या-मुंबईला पोचवायचा. मी एका गोदामात पार्सलं स्कॅन करायचे. इथे येण्याआधी गावाकडे त्याला आतड्याचा टीबी झाला होता. आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला. पुढे औषधं संपली, टीबी गेला, पण त्याचं अंग काही भरलं नाही. पोट कायम सैल. बायच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. "खातो ता जातो कुठं ह्याचा?" असं पुटपुटत ती शेवग्याचा पाला, अळू, कधी परसातल्या कोंबडीची अंडी माझ्या दाराशी ठेवून जायची. द्यायची पद्धतही तिचीच. दारात ठेवायची, एकदा कडी वाजवायची आणि मी बाहेर येईपर्यंत पाठमोरी झालेली असायची.

मग एका संध्याकाळी दिलीप फाटकातून आत येताना उंबऱ्याच्या दगडाला ठेचकाळला. बायने हुंगलं, सोडून दिलं. काही दिवसांनी तो भिंतीला हात लावून येताना तिने पाहिला. पुढे एकदा त्याने कुणाची तरी भरलेली कळशी लाथाडली. त्या दिवशी ती माझ्या दारात आली. कडी वाजवून थांबली, हेच नवल होतं.

"खोली खाली करा," ती म्हणाली. "तुझा नवरा पितो."

"तुम्ही हुंगलंत ना? वास आला?"

"न्हाय आला."

"मग?"

"मंग चालतो कसा असा?"

"दमतो. दिवसभर गाडी चालवतो, दमणार नाही?"

"दमलेला मानूस असा न्हाय चालत. मना इचार पिलेला कसा चालतो. मना म्हायत हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "म्हयन्याभरात बघा दुसरी जागा."

मी तिला नाही नाही ते बोलले. म्हातारीला दुसरं काही काम नाही, लोकांची तोंडं हुंगत बसते, असंही बोलले. ती ऐकून घेत उभी राहिली. पण खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. मागे दिलीप कॉटवर बसला होता, आणि इतकं होऊनही तो एक शब्द बोलला नव्हता. माझ्याच मनात आलं, हा वास न येणारं काही घेतो की काय.

त्यानंतर बाय त्याच्यावर पाळतच ठेवायला लागली. चाळीतल्या बायकांनी अंगणात पापड घातले होते, नुसत्या चटया आणि मध्ये पाऊल मावेल एवढी वाट. सकाळी दिलीप त्यातून सरळ निघून गेला, एकाही पापडाला धक्का न लावता. बाय माझ्याकडे आली. "सकालचा बघ कसा गेला. देवासारखा." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती गोंधळली होती. खोली खाली करण्याचं तिने पुन्हा काढलं नाही.

त्याच आठवड्यात शेठचा संध्याकाळी फोन आला, एक माल आत्ताच्या आत्ता न्यायचा आहे. टेंपो चाळीच्या अंगणात उभा होता. दिलीपची चुळबुळ मला दिसत होती. तो चावी घेऊन निघाला तेव्हा बाय बाजेवरून उठली. तिने ती बाज ओढत आणली आणि टेंपोच्या मागे, जाण्याच्या वाटेवर आडवी टाकली. अंधार पडत होता, पण मला पायरीवरून बाज दिसत होती. सगळ्यांनाच दिसत होती.

"डायवर," बाय म्हणाली, "खाली उतर. मागं बघ. वाट मोकली हाय का?"

दिलीप उतरला. मागे येऊन उभा राहिला. बाज त्याच्यापासून चार पावलांवर होती.

"मोकळी आहे बाय. सरक तू."

"नीट बघ."

"अगं बघितलं. मोकळी आहे."

मी ओरडणार होते. बायने माझ्याकडे हात केला, गप्प. तो चढला, गाडी मागे घेतली. आणि लाकूड मोडल्याचा आवाज झाला.

सगळी चाळ बाहेर आली. दिलीप उतरून वाकला, हाताने चाचपत त्याला बाजेचा मोडका पाय लागला. तो तिथेच मातीत बसला. "दिसत नाही," तो म्हणाला. "दोन-तीन महिने झाले. अंधार पडला की काही दिसत नाही. सांगितलं असतं तर गाडी हातातून गेली असती."

मी त्याच्याजवळ गेले. पण तेव्हाचं मला नीट आठवतं ते बायचं. ती उभी होती तिथून हलली नव्हती. "हा पिलेला न्हाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. "ह्याला दिसत न्हाय." मग ती घरात गेली आणि तिने आतून कडी लावली. तिच्या दाराची कडी लागलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

सकाळी आम्ही ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो तर बाय चांगलं लुगडं नेसून फाटकाशी उभी. "मी येतंय," एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी दिलीपचे डोळे तपासले, बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा एक कोरडा डाग होता तो मलाही दाखवला. मग त्यांनी डोळ्यांचं सोडून पोटाचं विचारायला सुरुवात केली. शर्ट वर करायला लावला, ऑपरेशनचा व्रण बघितला, जुने कागद बघितले. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशीही बाय आमच्यासोबत होती.

"ए व्हिटॅमिन जवळजवळ संपलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"असा कसा?" बाय खुर्चीवरून पुढे झाली. "शेवग्याचा पाला खातो हा. गाजर खातो. अंडी मी देतंय."

"आजी, नुसतं खाऊन भागत नाही, अंगी लागायला हवं ना. ए व्हिटॅमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आणि पोटातलं तेल-तूप फोडायला पित्त लागतं. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघतं का? तसं. हे पित्त लिव्हरमधून येतं, आपलं काम करतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला परत शोषलं जातं, पुन्हा वापरायला. यांचं नेमकं तेच टोक कापलंय. त्यामुळे पित्त वाहून जातं, कमी पडतं. मग तेल-तूप पचत नाही, आणि त्याच्यासोबतचं व्हिटॅमिन तसंच बाहेर पडतं. पोट सैल राहतं ते त्यामुळेच."

"पन आपरेशन होऊन किती काल झाला! आताच कसा?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हातारी इतकं नेमकं विचारते आहे याचं त्यांना बरं वाटलं असावं. "लिव्हरमध्ये साठा असतो ना. लिव्हर म्हणजे कलेजी. चांगल्या दिवसांत खाल्लेलं ए व्हिटॅमिन तिथे साठून राहतं. मग बाहेरून आलं नाही तरी लिव्हर ते थोडं थोडं रक्तात सोडत राहतं, डोळ्यांना पुरवतं. वर्षभर पुरतं, कुणाकुणाला त्याहून जास्त. तोपर्यंत माणसाला स्वतःलाही कळत नाही. साठा तळाला गेला की मग दिसायला लागतं."

"पैला कुठं कलतो?"

"अंधारात. कमी उजेडात बघायला डोळ्याच्या पडद्याला हेच लागतं. दिवसा अगदी व्यवस्थित दिसतं."

बायने विचारलं, "अंतर्गलाचा आपरेशन झालेल्याचा पन असा व्हतो?"

"नुसत्या हर्नियाने नाही होत. पण आतडं अडकून सडलं आणि कापावं लागलं, तर होऊ शकतं. किती कापलं, कुठलं कापलं, त्यावर आहे. कुणाचं झालं होतं?"

"झाला व्हता एकाचा. असा मानूस सांजचा कसा चालतो? पिलेल्यासारखा?"

"लोकांना तसंच वाटतं," डॉक्टरबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण तपासल्याशिवाय मी काही सांगू शकणार नाही. त्यांना घेऊन या ना."

बाय उठली आणि बाहेर गेली.

दिलीपला इंजेक्शन देईपर्यंत आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. बाय माझ्याकडे न बघता बोलत होती. तिचा नवरा खाडीत बुड्या मारून रेती काढायचा. ओझ्याने अंतर्गळ झाला, एक दिवस आतडं अडकलं, सिव्हिलला नेऊन कापलं. त्यानंतर बुड्या बंद झाल्या, तो एका होडीवर राखणीला राहिला. वाळत गेला. बरेच दिवस असे गेले, आणि मग तो संध्याकाळी अडखळत यायला लागला. बायचा बाप दारूनेच गेलेला. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तो म्हणायचा, मी पीत नाही. ती म्हणायची, सगळे असंच सांगतात. पाणवठ्यावर, शेजारी, माहेरी, सगळीकडे तिनेच सांगितलं, माझा नवरा प्यायला लागला. एका सांजेला तो दारात अडखळून पडला, पाण्याचा हंडा लवंडला. तिने त्याला बाहेर ठेवून कडी लावली. तो थोडा वेळ ओटीवर बसला होता, ते तिला आतून कळत होतं. मग तो खाडीकडे गेला, होडीत निजायला. सकाळी ओहोटीला चिखलात सापडला.

"तवा मी त्याचा तोंड हुंगला न्हाय," बाय म्हणाली. "मना भरवसाच व्हता, पितो म्हनून. मागनं सगल्यांचे हुंगले. त्याचा एकदा पन न्हाय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "डाक्तरीन बोलली बघितल्याशिवाय सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "आता कुठनं बघनार? एक जन हाय तिला इचारला पायजे."

ही 'एक जण' म्हणजे तिची नणंद. वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर तिचं नारळ आणि ओटीच्या सामानाचं दुकान होतं. भावाच्या दहाव्याला ती बायला म्हणाली होती, माझा भाऊ पीत नव्हता. बायने तिला घरातून जायला सांगितलं. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

मध्ये काही आठवडे गेले. दिलीपला इंजेक्शनं झाली, मग पाण्यात मिसळणारं एक वेगळं औषध रोज घ्यायचं ठरलं, आणि तपासणीला कायम जात राहायचं. पहिल्या आठवड्यातच फरक पडला. एका संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्याने उंबऱ्यावर पडलेली माझी टिकली उचलून माझ्या हातावर ठेवली. मी ते बायला सांगायला पळत गेले. ती म्हणाली, "बरा झाला." आणि मग, "उद्या सुट्टी घे. वज्रेश्वरीला जावाचा हाय."

भिवंडीहून बसने गेलो. दुकान लांबून दिसलं तशी बाय माझ्या मागून चालायला लागली. नणंद ठेंगणी, पांढरेशुभ्र केस, गिऱ्हाइकाला नारळ सोलून देत होती. तिने बायला बघितलं. नारळ सोलून झाला, गिऱ्हाईक गेलं, तेव्हा म्हणाली, "बस."

बाय बसली नाही. "तो पीत नव्हता," ती म्हणाली.

"न्हाय."

"त्याला दिसत नव्हता काय?"

नणंद कोयता पुसत राहिली. "मना बोलला व्हता एकदा. इथं आयला व्हता, तवा. ताय, सांजचा काय दिसत न्हाय बोलला. मी बोलली, बायकोला सांग. बोलला, सांगून काय करू, ती बोलंल पिऊन आयलास."

बायने दुकानाच्या खांबाला धरलं. मी तिला सावरायला गेले, तिने मला बाजूला केलं.

"मना का न्हाय सांगितलास?"

"दहाव्याला त्याच्यासाठीच आयली व्हती. तू उभी केलीस?"

देवळाकडून माणसं येत-जात होती. कुणीतरी हळदीकुंकवाचा भाव विचारून गेलं, नणंदेने उत्तर दिलं नाही. बाय वाकली आणि तिने नणंदेच्या पायाला हात लावला. "मी चुकली," ती म्हणाली.

"माझ्या पाया नको परू," नणंद म्हणाली. तिचा आवाज तेव्हा फाटला. "मना कशाला सांगतंस? मना म्हायतच व्हता. ज्यांना ज्यांना तू सांगत फिरलीस तो पितो म्हनून, त्यांना सांग." मग तिने आत जाऊन दोन तांबे पाणी आणलं, एक मला दिला, एक बायसमोर धरून ती उभी राहिली, बाय पिईपर्यंत.

बाय आता घरोघर जाईल असं मला वाटलं होतं. तिने तसं केलं नाही. तिच्या वेळची माणसं फार उरली नव्हती, उरली होती ती एकाच ठिकाणी सापडतील अशा दिवसाची तिने वाट बघितली. गावात एका लग्नाची हळद होती. इकडे हळद म्हणजे अख्खं गाव, मटण, डीजे आणि मंडपाच्या मागे दारू. नवरा गेल्यापासून बाय कुठल्या हळदीला गेलेली नव्हती. त्या दिवशी ती मला घेऊन गेली, नवरदेवाला हळद लावली, आणि तिथून सरळ डीजेवाल्याकडे गेली. त्याने गाणं बंद केलं, माइक दिला. बहुतेक त्याला वाटलं, म्हातारी धवले, लग्नातली जुनी गाणी, म्हणणार आहे.

"मी बोलतंय," बाय म्हणाली. कर्ण्यातून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून ती क्षणभर दचकली. "माझा नवरा पिऊन खाडीत परला असा मीच तुमाना सांगितला व्हता. तो पिलेला नव्हता. आपरेशन झाला व्हता, खाल्लेला अंगी लागत नव्हता, म्हनून त्याला सांजचा दिसत नव्हता. मी पीत न्हाय असा तो मना सांगाचा, मी ऐकला न्हाय. मी कडी लावली. चूक माझी हाय. आता त्याचा नाव घ्याल तवा दारूचा नाव घेऊ नका."

नाचणारी पोरं एकमेकांना विचारत होती, कुणाचा नवरा, कधी? त्यांच्यातलं कुणी तेव्हा जन्मलंही नव्हतं. एक बाई हसली आणि गप्प झाली. मला वाटलं, झालं एवढंच. जिला सांगायचं होतं तिने सांगितलं, ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

तेवढ्यात मंडपाच्या खांबाशी खुर्चीवर बसलेला एक म्हातारा बोलला. त्याच्या हातात ग्लास होता, तो त्याने आधी खाली ठेवला.

"तो कवा पियाचा? रेती काढाचो तवा आमी पियाचो. तो होडी धरून बसाचा, आमी परू नये म्हनून. आमाना घरी पोचवून मंग तो घरी जायाचा."

बायच्या हातात माइक तसाच होता. "तवा का न्हाय बोललास?" हे सगळ्या गावाने ऐकलं.

"तो गेला तवा तू रडत पन नव्हतीस गो," म्हातारा म्हणाला. "तुना कोन काय बोलनार?"

बायने माइक डीजेवाल्याला दिला. आम्ही निघालो. मागे गाणं सुरू झालं, आधी हळू, मग नेहमीसारखं. गोदामांच्या रस्त्याला लागलो तेव्हा बाय थांबली आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, मला आधी कळलंच नाही कसला. मागून एक कंटेनर येत होता, त्याने हॉर्न दिला. बाय हलली नाही. मी त्याला हात करून थांबवलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती मोठमोठ्याने रडत होती, नुकतंच कुणी गेलं असावं तशी, आणि "होडी धरून बसाचा गो, होडी धरून बसाचा" एवढंच परत परत म्हणत होती.